बॉक्स्टर ९८७: नवीन स्प्रिंगनंतर डावी बाजू उंच दिसते. उंची जमिनीपासून मोजायची की चाकाच्या मध्यापासून?

लळिंग (धुळे)

राम राम मंडळी. गाडी पोर्श बॉक्स्टर ९८७, १८ इंची चाकं, पुढे २३५/४०, मागे २६५/४०. साधं सस्पेन्शन, पीएएसएम (पोर्शचं इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन) नाही. चारही स्प्रिंग बदलल्या, नवीन स्प्रिंग '३० मिमी खाली' अशा लिहिलेल्या आहेत. घराच्या पोर्चमध्ये जमिनीपासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत इंचटेपने मोजलं:

पुढे डावी ६४९, पुढे उजवी ६४०
मागे डावी ६६२, मागे उजवी ६५९

म्हणजे डावी बाजू पुढे ९ मिमी आणि मागे ३ मिमी उंच. गॅरेजवाल्यांचं म्हणणं, स्प्रिंग बसतील तशी गाडी सरळ होईल. जळगावच्या एका मित्राकडे पीएएसएमवाली ९८७ आहे, तिच्याशी ताडून पाहायचा विचार आहे. आधी माप बरोबर घेतलंय का ते सांगा. चुकलं असेल तर कसं घ्यायचं?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

भाऊ, सुरुवात फरशीपासून करा. पोर्चला पाणी वाहून जायला मीटरला १० मिमी तरी उतार देतात. तुमच्या गाडीची दोन चाकं साधारण दीड मीटर अंतरावर, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाखाली १५ मिमीचा फरक सहज. तुमचे ९ मिमी तिथेच सापडतील.

फरशी तपासायला लेझर लागत नाही. गवंडी वापरतात तो लेव्हल पाइप पुरतो. ८-१० मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी, ८ मीटर लांब. पाण्यात कपड्यांची नीळ टाका म्हणजे रेघ स्पष्ट दिसते. नळीत एकही बुडबुडा राहता कामा नये. बुडबुडा राहिला की माप चुकतं आणि चुकलेलं कळतही नाही. दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते आधी पाहा. मग चारही चाकं टेकतात तिथे फरशीवर खुणा करा, एक टोक पुढच्या डाव्या चाकाच्या खुणेवर पट्टीला बांधून ठेवा आणि दुसरं टोक बाकीच्या एकेका खुणेवर न्या. दुसरं टोक हलवलं की पहिल्या टोकातलं पाणीही वर-खाली होतं, म्हणून दर वेळी दोन्हीकडचं वाचायचं. वाचताना पाण्याच्या वाटीसारख्या कडेचा तळ धरायचा.

पाटणादेवी (चाळीसगाव)

गिरणाकाठ भाऊ, लेव्हल पाइपचं अगदी पटलं. उताराचं मात्र पटत नाही, आणि या धाग्यात हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

फरशी सगळीकडे सारख्या उताराची असेल तर गाडी फरशीबरोबरच कलते. चाकंही कलतात, बॉडीही कलते. प्रत्येक चाकाशी फरशीपासून फेंडरची कड मोजली तर आकडा जवळपास तोच येतो. मीटरला १० मिमी उतारावर खालच्या बाजूला जास्तीचं वजन जातं ते तीन-चार किलोच्या घरात. स्प्रिंग त्याने मिलिमीटरभरही दबत नाही. १५ मिमीचा फरक कधी दिसेल? लेझरची आडवी रेघ टाकून दोन्ही फेंडर त्या रेघेशी ताडले तर.

मापात गोंधळ करतो तो फरशीचा पीळ. चारपैकी एक खूण बाकी तिघींच्या पातळीत नसेल तर गाडी चार पायांच्या डुगडुगत्या खाटेसारखी उभी राहते, फक्त स्प्रिंग असल्याने डुगडुगत नाही. एक खूण समजा 'ख' मिमी खाली आहे. पुढची-मागची ताठरता सारखी धरली तर त्या कोपऱ्यात चाक-फेंडर अंतर 'ख'च्या पाव भागाने वाढतं आणि तिरक्या समोरच्या कोपऱ्यातही तेवढंच वाढतं. उरलेल्या दोन कोपऱ्यांत तेवढंच घटतं. म्हणजे पुढची डावी-उजवी तफावत एका दिशेने 'ख'च्या निम्म्याने सरकते, मागची उलट दिशेने.

आता लळिंग भाऊंचे आकडे घ्या. पुढे ९, मागे ३. बॉडी ताठ असते, ती पुढे एक आणि मागे वेगळी कलू शकत नाही. सपाट फरशीवर, सारख्या टायरवर पुढची तफावत आणि मागची तफावत जवळजवळ सारखीच यायला हवी. सारखी येत नसेल तर फरशीला पीळ आहे, किंवा टायर वेगळे आहेत, किंवा एखादा फेंडर ठोकून दुरुस्त केलेला आहे, किंवा माप चुकलंय. स्प्रिंग कितीही वाईट असली तरी हा फरक तिच्यामुळे येत नाही.

९ आणि ३ ची सरासरी ६. हा खरा कल असावा. दोन्हीकडे ३-३ चा उलटा फरक उरतो तो पिळाचा. तफावत 'ख'च्या निम्मी, म्हणून 'ख' ६ मिमी. माझा अंदाज, पुढच्या डाव्या नाहीतर मागच्या उजव्या चाकाखालची फरशी सुमारे ६ मिमी खाली आहे. पाइप लावून पाहा.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

ताई, बरोबर आहे. लेझरने ताडायच्या मापाचा हिशेब मी टेपच्या मापाला लावला. एक भर घालतो: कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) मात्र ओळंब्याच्या रेषेवर मोजतात, त्यामुळे अलाइनमेंटला फरशी खरोखर समपातळीत हवी. नुसत्या उंचीला पीळ काढला की भागतं.

आणि आपल्याकडची जमीन विसरू नका. तापी-गिरणेच्या पट्ट्यात काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम नीट न भरता केलेली फरशी वर्षात दोनदा हलते. मे महिन्यात काढलेली पातळी ऑक्टोबरमध्ये जशीच्या तशी धरू नका.

तापीतट (रावेर)

फरशीचं झालं, आता माप कुठून कुठे घ्यायचं ते.

जमीन ते फेंडर या मापात टायर येतो. नवीन टायरची नक्षी साधारण ८ मिमी, झिजलेल्याची २ मिमी. फक्त झिजेने गाडी ६ मिमी खाली येते, स्प्रिंग तीच असताना. हवेचाही वाटा आहे. दर १० अंशांना दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो, आणि सकाळी पूर्वेचं ऊन एकाच बाजूच्या टायरवर पडत असेल तर डावी-उजवी हवा वेगळी भरते. त्यामुळे हवा पहाटे, गाडी चालवण्याआधी, सावलीत.

चाकाचा मध्य ते फेंडरची कड या मापातून टायरचा बराचसा भाग निघून जातो. स्प्रिंग ताडून पाहायची असेल तर हेच घ्या. जमिनीपासूनचं माप दोनच कामांना: गाडी कुठे घासेल ते पाहायला आणि कंपनीच्या आकड्याशी ताडायला. कंपनीच्या आकड्यातही फेंडर नसतो. पोर्शच्या वर्कशॉप पुस्तिकेत जमिनीपासून गाडीखालच्या ठरलेल्या बिंदूंपर्यंत मोजतात, कारण फेंडर पत्र्याचा आहे, वाकतो, पुन्हा बसवतात. बीएमडब्ल्यू रिमच्या खालच्या कडेपासून फेंडरपर्यंत मोजते, त्यामुळे तिथे रिमच्या प्रत्येक आकाराला वेगळा आकडा. एकाची पद्धत आणि दुसऱ्याचा आकडा असं कधी करू नका.

भार कोणता ठेवून मोजलं तेही लिहून ठेवा. डीआयएन (जर्मन मानक) पद्धतीत चालक नाही, टाकी पूर्ण भरलेली, हत्यारं जागेवर. तुमच्या गाडीची टाकी ६४ लिटरची आणि ती पुढे आहे. अर्धी रिकामी असली की साधारण २४ किलो कमी, तेही बहुतेक पुढच्या धुऱ्यावरचं. मित्राच्या गाडीत टाकी भरलेली आणि तुमच्यात पाव, अशी तुलना फुकट जाईल. दोन्ही टाक्या गच्च भरून घ्या.

मित्राची चाकं १९ इंची असतील तरी घाबरू नका. पुढे २३५/४० आर १८ चा व्यास ६४५ मिमी, २३५/३५ आर १९ चा ६४७. मागे ६६९ आणि ६६८. उंचीत व्यासाच्या फरकाचा निम्माच भाग येतो, म्हणजे जेमतेम मिलिमीटर. मोठा फरक वेगळाच आहे: पीएएसएमवाली ९८७ कंपनीतूनच साध्या गाडीपेक्षा १० मिमी खाली येते. तुमच्या स्प्रिंगचे ३० मिमी जर साध्या गाडीच्या तुलनेत असतील, तर मित्राच्या गाडीपेक्षा तुमची २० मिमीच खाली दिसायला हवी. पाकिटावर कोणत्या सस्पेन्शनच्या तुलनेत ३० लिहिलंय ते वाचा.

लळिंग (धुळे)

ताई, नमस्कार घ्या. पाइप लावला. तीन खुणा एका पातळीत आल्या, पुढच्या डाव्या चाकाची खूण त्यांच्यापेक्षा ६ मिमी खाली निघाली. तिथे ३ मिमीच्या प्लायचे दोन तुकडे टाकून पुन्हा मोजायचंय. त्याआधी विचारतो, गाडी जॅकवरून उतरवल्यावर किती वेळ थांबायचं?

तापीतट (रावेर)

थांबून काही होत नाही, गाडी हलवावी लागते. जॅकवर चाकं लोंबकळतात तेव्हा ती आत ओढली जातात. खाली टेकल्यावर टायर फरशीला धरून बसतो, बाहेर सरकत नाही, आणि गाडी तितकी उंच राहते. पाच-सहा मीटर पुढे-मागे ढकला, पुढून-मागून तीन-तीनदा दाबून सोडा, हँडब्रेक न लावता, स्टेअरिंग सरळ. जागा नसेल तर प्रत्येक चाकाखाली गुळगुळीत फरशीचे दोन तुकडे, मध्ये ग्रीस. खताच्या प्लॅस्टिक गोणीच्या दोन घड्या, मध्ये ग्रीस, यानेही चाक छान सरकतं. जाडी चारही ठिकाणी सारखी ठेवा, नाहीतर काढलेला पीळ परत घालाल.

टेपचं टोकाचं आकडं (हुक) हलतं असतं, मुद्दाम तसंच बनवलेलं असतं. पण ते वाकलेलं असेल तर दोन मिमी तिथेच जातात. ६०० मिमीची स्टीलची पट्टी घ्या. चाकाच्या टोपणावर मध्य कसा काढायचा? रिमवर दोन आरपार दोरे ताणून जिथे छेदतात तिथे चिकटपट्टीवर खूण. फेंडरच्या कडेवर, मध्याच्या बरोबर वर, ओळंबा सोडून दुसरी खूण. चारही ठिकाणी पट्टी त्याच दोन खुणांवर, प्रत्येक माप तीनदा, दर वेळी गाडी हलवून. तीन मापांत २ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर गाडी अजून बसलेली नाही, पुन्हा ढकला.

घाई करू नका भो. सगळं बरोबर असताना याच पायरीवर आकडे बिघडतात.

लळिंग (धुळे)

प्लाय टाकून, ढकलून, तीन मापांची सरासरी. चाकाचा मध्य ते फेंडर:

पुढे डावी ३३६, उजवी ३३०
मागे डावी ३३८, उजवी ३३२

पुढे ६, मागेही ६. टाकी भरलेली, हवा चौघांत बरोबर, चालक नाही. म्हणजे कल खरा आहे. दोष उजव्या बाजूचा की डाव्या, पुढचा की मागचा?

भुसावळयार्ड (भुसावळ)

नुसत्या उंचीवरून ते कधीच कळणार नाही, पाटणादेवी ताईंनी वर दिलेल्याच कारणाने. पुढची डावी स्प्रिंग जास्त चढली असेल, किंवा मागची उजवी जास्त दबली असेल, किंवा इतर काही, बॉडी ताठ असल्याने सगळ्यांत आकडे पुढे ६ मागे ६ असेच. वजन घ्या, तेव्हा कोपरा बोलतो.

रेसिंगचे काटे मिळाले नाहीत तरी अडत नाही. केळीच्या वखारीत किंवा जिनिंगमध्ये ५०० किलोचे इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटे असतात. एकाच उंचीचे चार लागतील. आधी एकच माणूस चारही काट्यांवर उभा करून आकडे जुळवा. काट्यांचे माथे पाइपने पुन्हा एका पातळीत आणा. गाडी चढवायला लाकडी उतार, आणि चढवल्यावर पुन्हा तीच दाबादाबी.

वाचायचं असं: एका कोपऱ्याची स्प्रिंग वर ढकलत असेल तर त्या कोपऱ्यावर वजन वाढतं आणि तिरक्या समोरच्यावरही. बाकी दोघांवर कमी होतं. पुढचं डावं अधिक मागचं उजवं, भागिले एकूण. हे ५०% च्या आसपास यायला हवं. डावी बाजू उंच आहे म्हणून उजवीकडे वजन जास्त असेल असं समजू नका. सहा मिमीच्या कलाने बाजू बदलून वजन जात नाही.

अँटी-रोल बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, पीळ घेणारी दांडी. तिच्या टोकाचा लिंक रॉड एका बाजूचा सोडून एकदा वजन घ्या, जोडून एकदा. जोडल्यावर आकडे बिघडत असतील तर अँटी-रोल बार पीळ घेऊन बसवलाय. गाडी एका बाजूने जॅकवर असताना लिंकचा बोल्ट आवळला की हे होतं.

लळिंग (धुळे)

काटे मिळाले. किलोमध्ये:

पुढे डावं ३१८, उजवं २८८
मागे डावं ३५२, उजवं ३७८

एकूण १३३६. लिंक सोडून तिरकी तफावत थोडी कमी झाली, पण दिशा तीच.

भुसावळयार्ड (भुसावळ)

३१८ अधिक ३७८ म्हणजे ६९६, एकूणच्या ५२.१%. डावी बाजू ६७०, उजवी ६६६, म्हणजे बाजू समान. पुढे ६०६, साधारण ४५%, इंजिन मध्ये असलेल्या गाडीला शोभतं. तिरक्यात मात्र ५६ किलोचा फरक आहे. पुढची डावी किंवा मागची उजवी, दोघींपैकी एक वर ढकलतेय. गाडी डावीकडे उंच आहे म्हणून पुढची डावी.

ताईंचा पिळाचा हिशेब इथे उलटा लावा: एक कोपरा 'ख'ने वर असेल तर तफावत 'ख'च्या निम्मी. तफावत ६, म्हणजे कोपरा १२ मिमीने वर. या जातीच्या स्प्रिंगची तार साधारण तेवढ्याच जाडीची. चाक काढून पुढच्या डाव्या स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरच्या खांबाच्या) खालच्या वाटीत बॅटरी मारून बघा. स्प्रिंगचं टोक वाटीतल्या पायरीला टेकलेलं हवं. ते पायरीवर चढून बसलं असेल तर सगळा हिशेब जुळतो.

लळिंग (धुळे)

तंतोतंत. टोक पायरीच्या वर बसलंय, खालचा रबरही तिथे दबून चिरलाय. उजव्या बाजूचं टोक पायरीला अगदी टेकलेलं आहे.

तापीतट (रावेर)

आता ते काढताना जपा. स्प्रिंग दाबायचे दोन कंप्रेसर समोरासमोर लावायचे, दोन्ही आळीपाळीने दोन-दोन आटे. वरच्या माउंटवरचं भार सुटून स्प्रिंग वाटीत मोकळी हलायला लागल्याशिवाय मधलं नट सैल करायचं नाही. एअर गनने कंप्रेसर आवळू नका. रबर नवीन घाला, आणि उजव्या बाजूचंही बदला. एका बाजूला जुना दबलेला आणि दुसऱ्या बाजूला नवा असला की एक-दोन मिमी तिथूनच येतात. स्प्रिंगवर रंगाचे ठिपके असतात, दोन्ही बाजूंचे ठिपके जुळतात का ते उघडलंच आहे तर पाहून घ्या.

दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. खालच्या आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश असलेले बोल्ट चाक लोंबकळत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. बुशची आतली नळी बोल्टने पकडली जाते, बाहेरची आर्मला धरलेली, मध्ये रबर. लोंबकळत आवळलं की गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. ते स्प्रिंगसारखं वर ढकलतं, गाडी उंच दिसते, आणि बुश लवकर फाटतो. गाडी चाकांवर, फरशीवर, मग टॉर्क रेंच. गाडीखाली शिरायला जागा नसेल तर चाकांखाली सारख्या जाडीच्या फळ्या. गॅरेजवाल्यांचं 'बसेल' हे दोन-चार मिमीपर्यंत ठीक, नवीन स्प्रिंग आणि रबर पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये तेवढं घेतात. पण चारही कोपरे मिळून घेतात. एका बाजूचा १२ मिमीचा दोष बसून जात नाही.

रावेरवाट (जळगाव)

विषयाला थोडं धरून विचारतो. ३० मिमी खाली आणल्यावर आपल्या गतिरोधकांवरून पोट घासेल का? जळगाव-भुसावळच्या आतल्या रस्त्यांवर रोजचा प्रश्न आहे.

पाटणादेवी (चाळीसगाव)

आयआरसी ९९ (इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक) च्या १९८८ च्या आवृत्तीप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंमी उंच, १७ मीटर त्रिज्येचा. ९८७ चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४१५ मिमी. दोन चाकांच्या मध्ये गतिरोधक किती वर येतो? व्हीलबेसचा वर्ग भागिले आठ त्रिज्या, साधारण ४३ मिमी. नियमातला गतिरोधक खालून जाताना कळणारही नाही.

घासतात ते गावात डांबराचे ढीग टाकून केलेले. रुंदी मीटरभर, उंची १५ सेंमी. रुंदी व्हीलबेसपेक्षा कमी असली की पुढची चाकं उतरून गेलेली, मागची चढायची बाकी, आणि मध्ये पोटाखाली पूर्ण १५ सेंमी मोकळी जागा हवी. ती नसेल तर तिरपं जाऊन पाहायचं, एका वेळी एकच चाक चढतं आणि पोटाखाली थोडी जागा मिळते. नाक घासणं वेगळं, ते पुढच्या चाकाच्या पुढे किती गाडी आहे त्यावर. स्वतःच्या गाडीचा सर्वांत खालचा भाग पट्टीने मोजा, पूर्ण टाकी आणि दोन माणसं बसवून. रिकाम्या गाडीचं माप रस्त्यावर उपयोगाचं नाही.

विम्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेतले बदल येतात. स्प्रिंग बदलल्याचं विमा कंपनीला आधीच लेखी विचारलेलं बरं.

लळिंग (धुळे)

स्प्रिंग पायरीला टेकवून, दोन्ही रबर नवीन, बुश चाकांवर आवळून, १५० किमी चालवून, त्याच खुणांवर:

पुढे डावी ३२९, उजवी ३३०
मागे डावी ३३१, उजवी ३३२

तिरकं वजन ५०.२%. पुढे आता काय?

तापीतट (रावेर)

व्हील अलाइनमेंट, लगेच. उंची बदलली की आर्मचा कोन बदलतो, त्याबरोबर कॅम्बर आणि टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणं). टो बिघडलेला असेल तर टायर आतल्या कडेने काही हजार किलोमीटरमध्ये जातो. बाहेरून नक्षी चांगली दिसते म्हणून लक्षात येत नाही. आतल्या कडेवर हात फिरवून पाहायची सवय ठेवा. अलाइनमेंटवाल्यांना टाकी भरूनच गाडी द्या, मोजलेली उंची कागदावर लिहून द्या.

झेनॉन दिवे असतील तर त्यांच्या उंचीचे सेन्सर सस्पेन्शनला जोडलेले आहेत. गाडी खाली आली की त्यांना वाटतं भार चढलाय, आणि दिव्याचा झोत बदलतो. शून्य नव्याने शिकवून घ्या, नाहीतर रात्री धुळे-चाळीसगाव रस्त्यावर समोरच्याच्या डोळ्यांवर जाईल किंवा स्वतःला दिसणार नाही.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

आणि पोर्चवरच्या त्या चार खुणा ऑइलपेंटने रंगवून ठेवा, शेजारी पातळीचा फरक आणि तारीख. मित्राची गाडी ताडायची तेव्हा तिलाही याच खुणांवर, याच प्लायवर उभी करा. दिवाळीच्या आसपास पाइप पुन्हा लावा. पुढच्या डाव्या कोपऱ्यातले ६ मिमी तेव्हा ४ असतील किंवा ९, काळी माती आहे.